पितळी टोपीची काठी

१

बादली वर आली तेव्हा पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगत होतं.

"बघून घे," रोपवाल्या वहिनी म्हणाल्या. "लोकांना त्यासाठी पावसाची वाट बघावी लागते. मला रोज सकाळी घरपोच."

त्या हसल्या नाहीत. मी बादलीवर वाकले आणि नाक पुढे केलं. ऑफिसात मला पाठीमागे 'नाकवाल्या बाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा राग येत नाही. तेहतीस वर्षं मी माती आणि पाणी तपासते आहे. यंत्रं पुढे आली. देवाने दिलेलं हे एक आधीपासून होतं.

पेट्रोल. शंकाच नको.

पण त्या वासामागून आणखी काहीतरी आलं. एक सकाळ, अनवाणी पाय, हातात चहाची किटली. आमच्या घराच्या दगडी पायरीपासून पंपापर्यंत मोजून बावीस पावलं, थेंबही न सांडता जायचं. तिथे दादा, म्हणजे माझे वडील, लांब काठी जमिनीतल्या टाकीत सोडत असायचे. काठी तळाला टेकली की खालून 'टण्ण' व्हायचं, दादा देवाचं नाव घ्यायचे आणि काठी वर ओढून ओल कुठवर आली ते बघायचे. टाकीत किती पेट्रोल आहे ते त्यावरून कळे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. हा वास माझ्यासाठी बापाच्या सदऱ्याचा वास होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी तो भेटला, तर असा, विहिरीत.

"चारशे जास्वंदी गेल्या," वहिनी सांगत होत्या. "आधी पानांच्या कडा जळाल्या, मला वाटलं ऊन. मग मोगरा गेला. मग मांजरानेसुद्धा त्या पाण्याला तोंड लावायचं सोडलं. तेव्हा म्हटलं, आता ऑफिसला कळवावं."

ऑफिसला कळवल्याचं फळ त्यांच्या हातात होतं. पत्र दोनच ओळींचं: गळतीचं मूळ सोमवारपर्यंत सापडून बंद झालं नाही, तर विहीर बुजवण्यात येईल. आज गुरुवार होता.

"सासऱ्यांनी स्वतः खणलीय ही," वहिनी कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या. "सासरे गेले, हे गेले. ही आहे म्हणून माझी रोपं आहेत आणि रोपं आहेत म्हणून मी. तिच्यात दगडमाती ओतणार म्हणे! आणि मूळ काय शोधायचंय त्यात? डोळे वर कर आणि समोर बघ."

रस्त्यापलीकडे, जरा उताराकडे, पेट्रोल पंप होता.

"दोन महिने झाले, तो माझ्या नजरेला नजर देत नाही. चोराच्या मनात चांदणं!"

त्या पंपाच्या मालकाला चड्डीची नाडी बांधायला मीच शिकवलं होतं.

२

"खारे!" त्याने केबिनमधून हाक मारली. लहानपणी मी सारखी जमीन उकरून काहीबाही पुरून ठेवायची, म्हणून मी खार. तो पिंपासारखा गोल, म्हणून पिंप्या. आता त्याचे केस पांढरे झाले होते; गोलाई शाबूत होती.

"तपास करायला आलीस की भेटायला?"

"दोन्हीला. आधी तपास."

"मग आधी चहा," तो म्हणाला, आणि एक फाईल माझ्यापुढे सरकवली. त्याच्या तिन्ही टाक्यांची दाबाची चाचणी गेल्याच आठवड्यात झाली होती. टाकी बंद करून आत दाब धरायचा. कुठे सुईएवढं भोक असलं तरी काटा उतरतो. काटा हलला नव्हता.

"चाचणी खोटी नाही ना?"

"तुझ्याच ऑफिसच्या माणसांनी केलीय. त्यांना खोटं म्हणायचं तर तुला स्वतःपासून सुरुवात करावी लागेल."

भिंतीवर एक जुना फोटो होता. पंपाच्या एकुलत्या एका यंत्राला टेकून त्याचे वडील उभे, शेजारी आमचे दादा, हातात काठी, माथ्यावर टोपी. दोघांच्या मागे घड्याळाचा मनोरा. दादांचे केस काळेभोर. मी बराच वेळ बघत राहिले.

"कसे आहेत ग दादा?"

"शहाऐंशी. माझ्याकडेच असतात. काठी टेकत घरभर टकटक चालू असते. ती पितळी टोपीची काठी, आकडे कोरलेली. माझी नातवंडं तिच्याशी उभी राहून उंची मोजतात आणि भांडतात, कारण तिच्यावर एकचा आकडाच नाही. दोनपासूनच सुरू."

पिंप्या हसला. "आता काठीबिठी काही नाही बघ. पडद्यावर आकडा येतो. पण तो 'टण्ण' गेला. माझ्या आईचं घड्याळ होतं ते. 'दादांची काठी वाजली, ऊठ!'"

"पंप कायम इथेच होता ना रे?"

"माझ्या आठवणीत तरी इथेच. तुझ्या तर चांगलंच लक्षात असेल. आठ वर्षांची घोडी झालीस तरी रस्ता ओलांडायला आईचा हात लागायचा तुला!"

"आईची ताकीदच होती. रस्त्याला एकटीने पाय लावलास तर तंगडी मोडीन."

आम्ही दोघंही हसलो. पण मी निघताना खिडकीतून वहिनींची रोपवाटिका दिसली, आणि पिंप्याने पटकन मान फिरवली. टाकीला भोक नव्हतं. मग या माणसाच्या मनाला कुठे भोक पडलं होतं?

३

शुक्रवारी मी हातगिरमिट घेऊन बसले. जमिनीत पीळ देत उतरवायचं, वर येणारी माती हातावर घ्यायची आणि वास घ्यायचा, एवढंच शास्त्र.

तिथली जमीन रस्त्याबरोबर उतरत जाते. सगळ्यात वर लाँड्री, तिला लागून खाली रोपवाटिका, तिच्या खालच्या टोकाला विहीर. पंप आणि त्याच्या शेजारचं गॅरेज रस्त्यापलीकडे, विहिरीहूनही खाली. जमिनीखालचं पाणी उतार धरून जातं, आणि पेट्रोल त्याच्या पाठीवर बसून जातं. विहीर आणि पंप यांच्यामधल्या दोन्ही भोकांतली माती स्वच्छ निघाली, गांडुळासकट. विहिरीच्या वरच्या बाजूला घेतलेल्या भोकातून मात्र तो वास भसकन नाकात शिरला.

म्हणजे पेट्रोल वरून येत होतं. पंप सुटला, गॅरेजही सुटलं. वर फक्त लाँड्री राहिली.

लाँड्रीवाल्या इस्त्रीकाकांची भाषा त्यांच्या कॉलरीसारखी होती. "आपण माझ्यावर आरोप करता आहात?"

"नाही काका, विचारतेय. कपडे धुवायला पेट्रोलच्या जातीचं काही वापरता?"

"वापरत होतो. चार वर्षांपूर्वी बंद केलं. यंत्र दाखवतो, पिंपं दाखवतो, हवं तर माझे धोतरसुद्धा हुंगा!" त्यांनी खरोखर सगळं दाखवलं. रिकामी पिंपं कोरडी होती आणि त्यांना येणारा वास वेगळा होता, सौम्य, कपाटातल्यासारखा. मी खाली उतरले तेव्हा पायाखाली खोलगट झिजलेली दगडी पायरी लागली आणि मी थबकले.

"ही पायरी..."

"जुन्या घराची. घर पाडलं, पायरी ठेवली. दगड चांगला होता."

आमचं घर. कडेचा टवका मीच उडवला होता, बदाम फोडताना. मला तिथे बसावंसं वाटलं, पण इस्त्रीकाका दारातून बघत होते.

वहिनी त्यांच्या नेहमीच्या जागी, सिमेंटच्या ओट्यावर कुंड्यांत माती भरत होत्या. ओटा लाँड्रीच्या कुंपणालगत होता.

"हा ओटा तुम्ही बांधलात?"

"छे. सासऱ्यांना जागेबरोबर आयता मिळाला. रस्ता रुंद झाल्यावर उरलेला तुकडा होता हा. एकदा फोडायला गेलो तर पहार वाकली, ओटा तसाच. म्हटलं, राहू दे, कुंड्या ठेवू."

तेवढ्यात फाटकापाशी पाण्याचा टँकर आला. वहिनी म्हणाल्या, "नगरपालिका पाठवते हो, देव भलं करो त्यांचं."

गॅरेजचे उस्ताद हात पुसत माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, नगरपालिका कसली? टँकर पंपवाल्याचा आहे. दोन महिने पाठवतोय, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, नाव घ्यायचं नाही. आता तुम्हीच सांगा, काही केल्याशिवाय माणूस चोरून पाणी पाठवतो का?"

४

पिंप्याने नाकारलं नाही.

"पाठवतो. मग?"

"का?"

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला. "वहिनींच्या सासऱ्यांनी मला त्या विहिरीत पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधून सोडायचे आणि वरून ओरडायचे, 'हात मार, पिंप बुडत नसतं!' ती विहीर मरायला लागली आणि सगळा गाव माझ्याकडे बोट दाखवतोय. उघड पाणी दिलं तर म्हणतील, बघा, कबूल केलं. बघायची हिंमत होत नाही वहिनींकडे. वाटतं, खरंच माझंच तर नसेल?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रयोगशाळेतले आमचे बाटल्यावाले भाऊ होते. बाटली हलवल्याशिवाय ते जेवत नाहीत.

"बाई, तुमच्या विहिरीच्या नमुन्यात शिसं आहे."

"पेट्रोलमध्ये शिसं? आता?"

"तेच म्हणतोय. शिसं घातलेलं पेट्रोल बंद होऊन जमाना झाला. आजच्या कुठल्याही पंपावर ते मिळणार नाही. तुमच्या विहिरीत जे आलंय ते म्हातारं पेट्रोल आहे. कुठे दडून बसलं होतं इतकी वर्षं?"

फोन ठेवला. माझी नजर पुन्हा त्या फोटोवर गेली. काठी. दादा. मागे मनोरा.

"पिंप्या, घड्याळाचा मनोरा कुठे आहे?"

"तो काय, समोर. रोपवाटिकेच्या मागे."

"समोर. मग तुझ्या वडिलांच्या मागे कसा, आणि मध्ये रस्ता का नाही?"

तो उठून फोटोपाशी गेला, मग खिडकीपाशी, मग पुन्हा फोटोपाशी. "फोटो उलटा छापला असेल."

"यंत्रावरचे आकडे सुलटे आहेत. आणि दुसरं सांग. सहा वर्षांची असताना मी रोज सकाळी दादांना चहा नेऊन द्यायची, एकटी. रस्ता एकटीने ओलांडायचा नाही म्हणून आईने तंगडी मोडायची धमकी दिलेली. मग मी पंपावर पोचायची कशी?"

पिंप्याने फोटो भिंतीवरून उतरवून हातात घेतला.

"मी रस्ता ओलांडतच नव्हते. पंप आमच्या बाजूला होता, घरापासून बावीस पावलांवर. रस्ता रुंद झाला तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू चार. पंप इकडे आला. लहान मुलाकडे आठवणी असतात रे, नकाशा नसतो. मीही बिनदिक्कत धरून चालले, पंप म्हणजे हाच."

"मग जुनी टाकी?"

"तेच. जुनी टाकी कुठे गेली?"

हे सांगू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं, आणि ते माझ्या घरी खिडकीशी बसून माझी वाट बघत होतं.

५

शनिवारी सकाळी मी दादांसमोर स्टूल ओढून बसले. कितीतरी संशयितांसमोर अशी बसले असेन. बापासमोर पहिल्यांदाच.

"दादा, जुन्या पंपाची टाकी बाहेर काढली होती का?"

"नाही. काढायला यंत्र कुठलं तेव्हा? मी रिकामी केली. वाळू भरायची होती, पण रस्त्याची माणसं घाईत होती. वरून सिमेंट ओतलं, झालं." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "रिकामी केली मी. मोठ्या मालकांना तसा शब्द दिला होता. का ग?"

"रिकामी म्हणजे कशी, दादा?"

"रिकामी म्हणजे रिकामी. पंप चालू ठेवला. पेट्रोल संपलं, पंप हवा ओढायला लागला, घरघर ऐकू आली, तेव्हा बंद केला. पंपावर त्यालाच रिकामी म्हणतात."

"ओढायची नळी टाकीच्या तळापर्यंत होती?"

"तळापर्यंत कशी असेल? खालचा गाळ आला असता वर. तळापासून वीतभर..."

ते थांबले. दादांनी डाव्या हाताची वीत पसरली आणि ती मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिले, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"केवढी होती टाकी?"

"पुरुषभर उंच, आडवी. दोन पुरुष लांब." त्यांचा आवाज खाली आला. "वीतभर म्हणजे... चारशे लिटर असेल ग."

मी विहिरीचं सांगितलं. जास्वंदींचं, सोमवारचं. न सांगता त्यांना सोडवता आलं असतं, पण त्यांनीच मला शिकवलं होतं की ओल जिथवर आहे तिथवर बोट ठेवायचं, वरही नाही आणि खालीही नाही.

"पण इतकी वर्षं थांबली आणि आता का फुटली?" त्यांनी विचारलं.

"काठी बघू."

त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. नव्या जागी धातूची काठी आली, तेव्हा ही जुनी मालकांनी त्यांना दिली होती. वरून कापून कमरेएवढी केलेली. खालचं टोक तेच. पितळी टोपी कागदासारखी पातळ झाली होती, कडेने लाकूड दिसत होतं. आणि आकडे दोनपासून.

"एकचा आकडा कुठे गेला, दादा?"

"झिजला. ही घरी आली तेव्हाच गेलेला होता. सकाळ-संध्याकाळ, पंधरा वर्षं..."

"रोज त्याच भोकातून, त्याच जागी. पितळ बोटभर झिजलं. मग ज्या पत्र्यावर ते आपटत होतं त्याचं काय झालं असेल?"

दादांनी डोळे मिटले. "पातळ झाला असेल. मग गंजाने उरलेलं काम केलं. मी देवाचं नाव घेऊन रोज भोक पाडत होतो ग, बयो."

"तुम्ही रोज माप घेत होतात. दोन्ही खरं आहे."

त्यांनी काठीसाठी हात पुढे केला. "ऊठ. मला तिथे ने. शब्द मी दिला होता."

६

लाँड्रीच्या पायरीवर दादा उभे राहिले, तेव्हा इस्त्रीकाकांनी कधी नव्हे ते वाकून त्यांचा हात धरला. उस्ताद आले, पिंप्या रस्ता ओलांडून आला आणि वहिनींपासून चार हात लांब उभा राहिला. दादांनी मला पुढे केलं.

"तू चाल. पावलं तुझी होती."

मी चपला काढल्या. छप्पन्न वर्षांची बाई सहा वर्षांची पावलं टाकत निघाली. उस्ताद हसू दाबत होते, दाबू देत. कुंपणाच्या फटीतून गेले. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसावं पाऊल वहिनींच्या ओट्यावर पडलं.

दादा मागून आले. एक मोठी कुंडी सरकवायला सांगितली. तिच्याखाली सिमेंटचं एक गोल ठिगळ होतं, बाकीच्यापेक्षा गडद. त्यांनी काठी उचलली आणि ठिगळावर टेकवली.

ठक्क नाही झालं. खालून, खोलवरून, एक पोकळ 'टण्ण' आला.

पिंप्याने झटकन माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. आईचं घड्याळ वाजलं होतं.

"वहिनी," दादा म्हणाले, "तुमच्या विहिरीत आलंय ते माझं आहे. मी टाकी रिकामी केली म्हणून सांगितलं आणि वीतभर ठेवली. पंपवाल्या पोराचा काही दोष नाही."

वहिनी ओट्याकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षं त्या ह्याच्यावर बसून रोपं लावत होत्या.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि मी ह्याला दोन महिने शिव्या घालतेय." त्या पिंप्याकडे वळल्या. "तोंडाने सांगायला काय झालं होतं रे तुला?"

"टँकरचं पाणी गोड लागलं का?" पिंप्याने जमिनीकडे बघत विचारलं.

वहिनींना एक क्षण लागला. मग त्यांनी मातीने भरलेला हात त्याच्या पांढऱ्या शर्टावर सपकन मारला. पाच बोटं उमटली. तो धुवायला दिलेला शर्ट इस्त्रीकाकांनी नंतर फुकट धुतला, हे त्यांच्या चरित्रात लिहून ठेवण्यासारखं आहे.

मग त्या दादांकडे आल्या. "दादा, पुरुषभर टाकीतलं सगळं काढलंत, वीतभर राहिलं. माणसाचं तेवढं राहणारच. बसा, पाणी आणते. टँकरचं!"

रविवारी ओटा फुटला. टाकी उघडली तेव्हा तळाशी, बरोबर काठीच्या जागेखाली, बशीएवढी खोलगट वाटी झिजलेली होती आणि तिच्या मध्यात बोट जाईल असं, गाळाने अर्धवट बुजलेलं भोक. आत तांबूस पेट्रोल अजून चार बोटं होतं. ते उपसलं, टाकी निघाली, खालची वासाची माती गाड्या भरून गेली. सोमवारी माझ्या अहवालावर ऑफिसची सही झाली आणि विहीर बुजवायचं पत्र रद्द झालं. पण पाणी सुधारायला वेळ लागला. सव्वा वर्ष आम्ही विहिरीतून पाणी उपसत होतो, हवा सोडत होतो, बाटल्या भरून पाठवत होतो. दर महिन्याला दादा माझ्याबरोबर यायचे, पायरीवर बसायचे आणि विचारायचे, "आहे?" आणि मी म्हणायची, "आहे थोडं."

मग एक दिवस वहिनींनी बादली ओढली. पाण्यावर आभाळ होतं, बाकी काही नाही. मी वाकले आणि नाक पुढे केलं. पुन्हा घेतला वास. तिसऱ्यांदा घेतला, कारण चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, एखादा वास सापडावा असं मला जरासं वाटत होतं.

"आहे?" पायरीवरून दादांनी विचारलं.

"नाही दादा. रिकामी."

"कुणाच्या भाषेत?"

"माझ्या."

त्यांनी काठी दगडावर एकदा टेकवली, देवाचं नाव घेतलं, आणि बादली घेऊन त्यांच्याकडे आलेल्या वहिनींसमोर ओंजळ पुढे केली.